नवापूरच्या रानातले बालकवी



१९०७ साली जळगावला मराठी कवींचे पहिले संमेलन भरले होते. मोठमोठी मंडळी जमली होती. त्यांत सोळा-सतरा वर्षांचा एक पोरगा उभा राहिला आणि त्याने आपली कविता म्हणून दाखवली. अध्यक्षांनी खूश होऊन त्याला 'बालकवी' ही पदवी दिली. ती इतकी चिकटली की त्र्यंबक बापूजी ठोंबरे हे खरे नाव आज परीक्षेत विचारले तर अनेकांची पंचाईत होते!

हे अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. ते पेशाने डॉक्टर, पण झाडाझुडपांचे जाडे अभ्यासक. भारतातल्या औषधी वनस्पतींवर त्यांनी मेजर बसूंच्या जोडीने लिहिलेला ग्रंथ आजही अभ्यासक उघडतात. झाडांची पाने-फुले मोजून, तपासून त्यांची नोंद करणाऱ्या माणसाने, झाडांकडे नुसते पाहत बसणाऱ्या मुलाला ओळखले. आम्हांला ही गोष्ट फार आवडते.

ठोंबऱ्यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९० रोजी खानदेशातल्या धरणगावचा. वडील पोलीस खात्यात, त्यामुळे आज या गावी तर उद्या त्या गावी. शाळा सारख्या बदलत, शिक्षणाची घडी काही बसली नाही. पण या भटकंतीत एक गाव असे आले की त्याने मुलाला कवी केले. ते गाव नवापूर. वयाच्या तेराव्या वर्षी त्यांनी आपली पहिली कविता तिथे लिहिली.

नवापूर आपल्याला काही लांब नाही. कडोदरा चोकडीवरून धुळ्याचा रस्ता धरला की बारडोलीपर्यंत दोन्ही बाजूंना ऊस. व्यारा मागे पडले की साग दिसू लागतो आणि सोनगडच्या पुढे टेकड्या आणि रान सुरू होते. मग नवापूर येते. तिथल्या रेल्वे स्टेशनचा अर्धा भाग गुजरातेत आणि अर्धा महाराष्ट्रात, हे तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ते रान आजच्यापेक्षा कितीतरी दाट होते. फाल्गुनात पळस आणि काटेसावर फुलते, मग मोहाची फुले टपटपतात, आणि पावसाळ्यात जिकडे पाहावे तिकडे ओढे. त्या मुलाला हेच खेळगडी मिळाले.

पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी त्यांना अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) आपल्या घरी नेले. टिळक स्वतः फुलांवर आणि मुलांवर कविता करणारे. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात ठोंबऱ्यांविषयी मोठ्या मायेने लिहिले आहे. हा पाहुणा त्यांच्या घरात मुलासारखाच वावरला, रुसवेफुगवे धरून! मोठ्या वर्गातल्या मुलांनी ते पुस्तक जरूर वाचावे.

बालकवी म्हटले की श्रावण, झरे, फुलराणी, सगळा आनंदीआनंद, असे आपण समजतो. तेवढेच खरे नाही. त्यांना आयुष्यात स्थैर्य मिळाले नाही, पैशाची ओढाताण सुटली नाही, आणि कारण सांगता येणार नाही अशी उदासी अधूनमधून मनात दाटून येई. 'पारवा' ही कविता वाचली की हे लगेच कळते. 'औदुंबर' तर जेमतेम आठ ओळींची. टेकड्या, शेते, पायवाट आणि पाण्याकाठचे एक झाड, एवढेच तिच्यात आहे. पण ते झाड सुखी आहे की दुःखी, यावर जाणकार अजून वाद घालतात. गंमत अशी की मन उदास असतानाही त्यांची नजर मात्र झाडावरून हलत नाही. पानाचा रंग, पाण्याचा रंग ते नीट पाहूनच लिहितात. आमच्या मते त्यांचा आनंद खरा वाटतो तो यामुळेच. दुःख ठाऊक नसलेल्या माणसाचा तो आनंद नव्हे.

दीडशेच्या वर कविता त्यांनी लिहिल्या. काही अपुऱ्या राहिल्या, कारण वेळच मिळाला नाही. ५ मे १९१८ रोजी जळगावजवळच्या भादली स्टेशनात रूळ ओलांडताना मालगाडीखाली सापडून त्यांचा अंत झाला. तेव्हा वय होते अवघे सत्तावीस. विचारांच्या तंद्रीत त्यांना गाडीचे भान राहिले नाही, असे सांगतात.

भुसावळच्या गाडीने जाताना अमळनेर गेले की धरणगाव येते. पुढे पाळधी, जळगाव आणि मग भादली. लहान स्टेशन आहे, जलद गाड्या तिथे थांबत नाहीत. खिडकीजवळ बसलेल्याने पाटी वाचायची तर आधीपासून लक्ष ठेवावे लागते.