पंडिता रमाबाई आणि केडगावचे उपासनामंदिर

भूमध्यसमुद्रातील बेटांवरची प्राचीन उपासनामंदिरे पाहावयास दरवर्षी देशोदेशींचे लोक जातात. माल्टा बेटाच्या किनाऱ्यावर प्रेषित पौलाचे गलबत फुटले, आणि तेथील रहिवाशांनी पावसात व थंडीत शेकोटी पेटवून सर्वांस आसरा दिला, हे प्रेषितांच्या कृत्यांत आपण वाचतो. त्या प्रसंगाच्या नावाचे जुने मंदिर वालेटा शहरात आहे. सायप्रस हे बर्णबाचे मूळ बेट. तेथे लार्नाका शहरी लाजराच्या नावाचे मंदिर हजार वर्षांहून अधिक काळ उभे आहे. इतक्या दूरचा प्रवास आमच्या वऱ्हाडातील खेड्यापाड्यांच्या मंडळ्यांस घडणे कठीण. परंतु अकोल्याहून वा अमरावतीहून आगगाडीने जाता येईल असे एक मंदिर आपल्याच महाराष्ट्रात आहे. ते पुणे जिल्ह्यातील केडगाव येथील मुक्ति मिशनचे होय. ते ज्यांनी उभारले त्या पंडिता रमाबाईंचे चरित्र ठाऊक नसता ते पाहिले, तर केवळ दगडचुना पाहिल्यासारखे होईल. म्हणून ते चरित्र येथे थोडक्यात देतो.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. स्त्रियांनी संस्कृत शिकू नये अशी त्या काळची समजूत असता त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला ती भाषा शिकविली, आणि ह्याबद्दल पंडितांचा रोष सोसला. मातेने तीच विद्या रमाबाईंस दिली. पुढे घरची संपत्ती सरली आणि हे कुटुंब पुराणे सांगत गावोगाव व तीर्थोतीर्थी हिंडू लागले. रमाबाईंचे बालपण अशा रीतीने यात्रेतच गेले. पवित्र म्हणून जी जी स्थळे लोक मानीत, त्यांपैकी पुष्कळ त्यांनी लहानपणीच पाहिली.

त्यांच्या सोळाव्या वर्षी दक्षिणेत अन्नान्नदशा झाली. १८७४ साली आधी वडील व त्यानंतर थोड्याच आठवड्यांत आई वारली. आईची तिरडी उचलावयास माणसे मिळेनात. दोघा ब्राह्मणांस दया आली, तिसरे बंधू श्रीनिवास, आणि चौथ्या जागी स्वतः रमाबाई. त्यांची उंची कमी, खांदा पोहोचेना, म्हणून त्यांनी तो भार डोक्यावर घेऊन स्मशानाची वाट चालली. वडील बहीणही त्या संकटात गेली. उपाशी माणसाला दार बंद होते म्हणजे काय होते, हे बाई कोणा ग्रंथात शिकल्या नाहीत.

पुढे ही दोघे बहीणभावंडे पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंचे संस्कृत ऐकून त्यांस पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. १८८० साली बंधू वारले. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी ह्या बंगाली वकिलाशी, जातीचे बंधन न मानता, विवाह केला. १८८१ साली कन्या मनोरमा जन्मली, आणि १८८२ च्या आरंभी पती पटकीने वारले. तेवीस वर्षांची ही विधवा तान्ह्या मुलीसह पुण्यास आली. तेथे तिने आर्य महिला समाज स्थापिला व १८८३ साली अधिक विद्या संपादण्यास इंग्लंडास गेली.

इंग्लंडात वाँटेज येथील भगिनीमंडळाने त्यांस आश्रय दिला. लंडनजवळ फुलहॅम येथे ह्या भगिनी समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांस जवळ करून त्यांची सेवा करीत. ते काम बाईंनी डोळ्यांनी पाहिले. जिला सर्वांनी दूर लोटले तिला पुन्हा मनुष्य म्हणून उभे करणारे प्रेम कोठून येते, असा प्रश्न त्यांच्या मनात उठला, आणि त्याचे उत्तर त्यांस योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीच्या कथेत सापडले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांचा व मनोरमेचा वाँटेज येथे बाप्तिस्मा झाला.

तथापि बाईंचा शोध तेथे संपला नाही. इंग्लंडात, आणि १८८६ नंतर अमेरिकेत, त्यांनी अनेक पंथांची मंदिरे व उपासना पाहिल्या. इतके पंथ कशाला, आणि मी कोणाची आज्ञा मानावी, ह्यावरून आपल्या वडीलधाऱ्या ख्रिस्ती स्नेह्यांशीही त्यांचा पत्रांतून वाद झाला. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांस असे उमगले की, आपण ख्रिस्ती धर्म पत्करला खरा, पण स्वतः ख्रिस्ताला गाठले नव्हते. उपदेशकांनी ही गोष्ट मंडळीपुढे मांडण्यासारखी आहे. सुविख्यात पंडिता, बाप्तिस्मा घेतलेली, आणि तरीही इतकी वर्षे मनाला शांती नाही!

११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईस विधवांसाठी शारदा सदन उघडले व पुढल्या वर्षी ते पुण्यास नेले. मुलींवर धर्माची सक्ती नव्हती. पण बाईंच्या प्रार्थनेच्या खोलीचे दार उघडे असे, व ज्या मुली आपण होऊन येत त्यांस त्या परत पाठवीत नसत. ह्यावरून १८९३ साली पुण्यात वादळ उठले. सल्लागार मंडळातील मान्यवर गृहस्थ दूर झाले, कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या. बाईंनी दार लावले नाही.

१८९६ साली आपल्या वऱ्हाडाला लागून असलेल्या तेव्हाच्या मध्यप्रांतात दुष्काळ पडला. बाई स्वतः तिकडे गेल्या. भुकेने हाडे उरलेल्या मुली पाहताच त्यांस १८७४ साल आठवले. त्यांनी सुमारे तीनशे मुली व स्त्रिया आणल्या. १८९७ साली पुण्यात प्लेगामुळे इतक्या जणींस शहरात ठेवणे अशक्य झाले, तेव्हा केडगावच्या उघड्या माळावर, बाईंनी आधीच विकत घेतलेल्या जमिनीत, त्यांचे बिऱ्हाड पडले. तेच मुक्ति सदन.

तेथील उपासनामंदिराचा पाया १८९९ साली घातला गेला. त्याच वर्षी पावसाने पुन्हा दगा दिला. त्या दुष्काळास लोक छप्पन्नचा दुष्काळ म्हणतात, व वऱ्हाडानेही तो भयंकर भोगला. गुजरातेतून शेकडो मुली आल्या आणि मुक्तीची वस्ती सुमारे दोन हजारांवर गेली. मंदिर इतके विस्तीर्ण का, असे पाहणाऱ्यास वाटते, त्याचे उत्तर हेच. त्या वेळच्या छायाचित्रांत मुली जमिनीवर ओळीने बसलेल्या दिसतात. १९०५ साली येथेच मोठी जागृती झाली आणि तिची वार्ता जगभर पसरली. हे मंदिर बाईंनी एखाद्या पंथाची ध्वजा रोवण्यासाठी बांधले नाही. पंथांच्या भांडणाने त्या स्वतः पोळल्या होत्या.

अकोल्याच्या वाचकांस येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. अकोल्यास व पुढे मुंबईस सेवा करणाऱ्या जेनी फुलर बाईंनी हिंदी स्त्रियांच्या दुःखांवर इंग्रजीत लिहिलेला ग्रंथ १९०० साली प्रसिद्ध झाला. त्याची प्रस्तावना रमाबाईंनी लिहिली. त्याच वर्षी फुलर बाई निवर्तल्या.

आयुष्याची शेवटली पुष्कळ वर्षे बाईंनी पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतरास दिली. खेड्यातल्या साध्या बाईस समजेल असे शास्त्र हवे, म्हणून त्यांनी इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास केला, आणि मुक्तीच्या छापखान्यात मुलींनीच ते छापले. १९२१ साली मनोरमाबाई वारल्या. तो घाव सोसूनही बाईंनी काम पुरे करीत आणले, व ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूत निजल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला.

ज्यांस जावयाचे असेल त्यांनी भुसावळ, मनमाड व दौंड ह्या मार्गाने जावे. दौंडहून पुण्याकडे जाताना केडगाव स्थानक लागते. अहिल्यानगर शहरालगतही केडगाव नावाचे गाव आहे, तेथे चुकून उतरू नये. मुक्ति हे आजही स्त्रियांचे व मुलांचे घर आहे, ह्यास्तव आधी परवानगी घ्यावी व तेथील शांतता राखावी.

आणि ज्यांस जाणे होणार नाही त्यांनी खंत करू नये. आमच्या कित्येक मंडळ्या अजून कुडाच्या भिंतींत व टिनाच्या छपराखाली जमतात, आणि मोठे मंदिर नाही म्हणून मन लहान करितात. मंदिर केवढे, हे बाईंनी आधी ठरविले नाही. दारी किती भुकेल्या आल्या, त्यावरून ते ठरले. आपल्या गावात ज्या विधवेला कोणी विचारीत नाही, ज्या पोराला कोणी वाली नाही, त्यांस येत्या रविवारी आपल्यात बसावयास जागा आहे की नाही, एवढे प्रत्येक मंडळीने पाहावे.