ट्रॅक्टरचा ताप आणि डॉक्टर सीबेक

गळीत हंगामात सोनईच्या साखर कारखान्याकडे उसाच्या ट्रॉल्या ओढणारे टर्बो ट्रॅक्टर चढावर चांगलेच तापतात. त्यांच्या धुराचा ताप मोजणारी सळई एका डॉक्टरांच्या शोधावर चालते. थॉमस सीबेक यांचा जन्म 1770 सालचा, आजच्या एस्टोनियातील टॅलिनचा. 1802 मध्ये गॉटिंगेनला वैद्यकाची पदवी मिळवली, पण मन रमले ते भौतिकशास्त्रात. (रुग्णांचे नुकसान झाले असेल, जगाचे नाही.) 1821 मध्ये बर्लिनला त्यांनी दोन वेगळ्या धातूंच्या पट्ट्या जोडून कडे केले, एक सांधा तापवला आणि जवळची होकायंत्राची सुई हलली. उष्णतेने धातूत चुंबकत्व आले, असे त्यांनी मानले. खरे तर कड्यातून वीज वाहत होती. ते ओर्स्टेड यांनी ओळखले. सीबेक यांना काही ते पटले नाही. 1831 मध्ये ते वारले.

तोच सांधा आज थर्मोकपल म्हणून सळईच्या टोकात असतो. पण बसवायचा कुठे? काखेत आणि तोंडात ताप वेगळा भरतो, तसेच इथे. टर्बोनंतर सायलेन्सरच्या नळीत बसवला, तर आकडा शंभर-दोनशे अंशांनी कमी दिसू शकतो, कारण टर्बाइन फिरवताना धूर थंड होतो. चालक निर्धास्त, आत पिस्टन मात्र भाजतोय! म्हणून सळई टर्बोच्या अलीकडे, सिलिंडरांचा धूर एकत्र येतो त्या मॅनिफोल्डमध्ये हवी, टोक प्रवाहाच्या मधोमध. भोक मॅनिफोल्ड उतरवूनच पाडावे. लोखंडाचा कीस आत राहिला, तर टर्बाइनची पाती जातात.