कर्मवीर दादासाहेब गायकवाड : अपयश पचवत लढलेली चाळीस वर्षे

नाशिकच्या भाभानगरमध्ये दादासाहेब गायकवाड सभागृह आहे. मेळावे, परिषदा, प्रदर्शने, सगळे तिथे होते. मध्यंतरी एका युवा शिबिरात मी सहज विचारले, हे सभागृह ज्यांच्या नावाचे आहे ते दादासाहेब कोण? चाळीस-पन्नास मुलामुलींमधून पाच-सहा हात वर आले. एकाने फाळक्यांचे नाव घेतले. नाशिकला दोन दादासाहेब आहेत, तेव्हा तेवढी चूक माफ. पण ज्यांनी बरोबर सांगितले त्यांनाही काळाराम मंदिर सत्याग्रहाच्या पुढे काही सांगता येईना. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. आपण जयंतीला फोटोला हार घालतो, कर्मवीर म्हणतो आणि घरी जातो. या माणसाच्या वाट्याला किती अपयश आले आणि त्यातले किती स्वकीयांकडून आले, हे व्यासपीठावरून सांगायचे आपण टाळतो. मला तेच लिहायचे आहे.

भाऊराव कृष्णाजी गायकवाड यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ चा, दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचा. महार कुटुंब, खेड्यातले बालपण. बाबासाहेबांभोवती जे वकील, पदवीधर कार्यकर्ते जमले त्यांच्यासारखे शिक्षण त्यांना मिळाले नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती त्यांच्याविरुद्ध वापरली गेली.

काळारामाचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला. गांधीजी दांडीला निघायला अजून दहा दिवस होते. सत्याग्रह समितीचे सचिव होते भाऊराव, वय सत्तावीस. त्या रविवारी नाशिकमध्ये सुमारे पंधरा हजार माणसे जमली. मिरवणूक पंचवटीत पोहोचली तेव्हा मंदिराचे दरवाजे बंद होते. लोक गोदावरीच्या घाटावर गेले, तिथे सभा झाली आणि दुसऱ्या दिवसापासून चारही दरवाजांवर बसायचे ठरले. पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया होत्या. या पंचवीस जणींबद्दल आपल्याकडे फारच थोडे लिहिले गेले आहे.

एप्रिलमध्ये रामाचा रथ निघतो. दोन्ही बाजूंनी मिळून रथ ओढायचा, अशी तडजोड झाली होती. प्रत्यक्षात सनातन्यांनी रथ पुढे पळवला आणि सत्याग्रहींवर दगड पडले. बाबासाहेबांनाही मार लागला. त्याच वर्षी बाबासाहेब गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले आणि नाशिकचा भार भाऊराव, अमृतराव रणखांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर आला.

सत्याग्रह म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मंदिराचा दरवाजा येतो. खरी किंमत मात्र खेड्यांत मोजली जात होती. जिल्ह्यातल्या गावागावांत अस्पृश्यांवर बहिष्कार पडला. दुकानदार माल देईनात, रस्ते बंद झाले, मुलांना शाळेतून हाकलले. ज्याचे पोट गावच्या बलुत्यावर आणि मजुरीवर होते त्या माणसाला नाशिकला येऊन दोन दिवस बसणे केवढ्याला पडले असेल! अशा माणसांना पाच वर्षे पुन्हा पुन्हा उभे करायचे काम दादासाहेबांनी केले. दार मात्र उघडले नाही.

मग १९३४ मध्ये बाबासाहेबांनी दादासाहेबांना पत्र लिहिले. मंदिरप्रवेश हे साध्य नव्हते, समाजाला जागे करण्याचे ते साधन होते. ते काम झाले, आता शक्ती शिक्षणाकडे आणि राजकारणाकडे वळवावी, असा त्याचा आशय. पुढच्या वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले आणि काळारामाचा प्रश्नच उरला नाही. ज्याने पाच वर्षे त्या दारासाठी माणसे तुरुंगात पाठवली, त्याला ते दार सोडून द्यायला सांगितले गेले. दुसरा कोणी असता तर रुसला असता, निदान मंदावला असता. दादासाहेब दुसऱ्या कामाला लागले. बाबासाहेबांनी त्यांना लिहिलेली पत्रे आज त्या काळाच्या इतिहासाचे फार मोठे साधन आहेत. ती वाचताना जाणवते की बाबासाहेब या माणसाशी मोकळेपणाने बोलत, कामे सांगत आणि ती होतील हे गृहीत धरत.

१९३७ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षातर्फे ते मुंबई विधानसभेत निवडून गेले आणि १९४६ पर्यंत सदस्य राहिले. या वर्षांत त्यांचे लक्ष महार वतनाकडे होते. वतन म्हणजे नावाला जमीन आणि त्या बदल्यात पिढ्यान्‌पिढ्या गावाची वेठ. १९३९ ची हरेगावची परिषद आणि १९४१ ची आपल्या सिन्नरची परिषद याच प्रश्नावर झाली. कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा प्रत्यक्षात आला तो १९५८ मध्ये. तोही असा, की सारा-आकाराच्या पटीत रक्कम भरून जमीन परत घ्यायची आणि ती नव्या शर्तीवर मिळायची. ज्यांना पैसे भरता आले नाहीत त्यांच्या सातबाऱ्याचे काय झाले, हे तलाठी कार्यालयात बसणाऱ्या कोणत्याही कार्यकर्त्याला विचारा.

१९४६ च्या निवडणुकीत शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनचा सपाटून पराभव झाला. पुणे कराराने आलेल्या संयुक्त मतदारसंघांत राखीव जागाही काँग्रेसच्या मर्जीतल्या उमेदवारांकडे गेल्या. १९५२ मध्ये खुद्द बाबासाहेब मुंबईत हरले, १९५४ मध्ये भंडाऱ्यात पुन्हा हरले. पक्षाकडे पैसा नाही, नेता पराभूत, आणि तरी खेड्यापाड्यांत निळा झेंडा उतरला नाही. याचे श्रेय त्या काळच्या शेकडो अनाम कार्यकर्त्यांचे आणि त्यांच्यात पायी, एसटीने फिरणाऱ्या दादासाहेबांसारख्या माणसांचे.

६ डिसेंबर १९५६ नंतर काय अवस्था झाली असेल याची आज कल्पना करवत नाही. दीक्षेला दोन महिनेही झाले नव्हते. बाबासाहेबांच्या मनातला रिपब्लिकन पक्ष अजून कागदावर होता. अशा वेळी १९५७ ची निवडणूक आली. फेडरेशन संयुक्त महाराष्ट्र समितीत सामील झाले आणि दादासाहेब नाशिकमधून लोकसभेवर निवडून गेले. त्यांच्याबरोबर पक्षाचे आणखीही खासदार आले. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरात भारतीय रिपब्लिकन पक्षाची स्थापना झाली, एन. शिवराज अध्यक्ष झाले. चळवळीच्या राजकारणात इतके चांगले दिवस त्याआधी आले नव्हते.

ते दोन वर्षेही टिकले नाहीत. बी. सी. कांबळे यांचा गट वेगळा झाला. त्यांचा पक्ष दुरुस्त म्हटला गेला आणि दादासाहेबांचा नादुरुस्त. ही नावे आज हसू आणतात, पण त्यामागची भांडणे खरी होती. कांबळे कायद्याचे जाणकार होते. पक्षाला नीट लिखित घटना हवी, कार्यक्रम हवा, हा त्यांचा आग्रह चुकीचा नव्हता, हे मी दादासाहेबांविषयी आदर बाळगून सांगते. समितीत कम्युनिस्टांच्या मांडीला मांडी लावून बसल्याने पक्षाचा आंबेडकरी विचार पातळ होईल, ही भीतीही अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही. पण वाद तेवढ्यावर राहिला नाही. धोतर नेसणारा, कमी शिकलेला, खेडवळ माणूस बाबासाहेबांच्या पक्षाचे नेतृत्व कसे करणार, असा सूर लागला. समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही शिकलो की शिक्षणाने वर आलेला थर आपल्याच समाजापासून अंतर राखू लागतो. आमच्या चळवळीत त्याची सुरुवात कुठून झाली, हे मला पुस्तकातून कळले नाही. दादासाहेबांच्या चरित्रातून कळले.

यावर दादासाहेबांचे उत्तर होते भूमिहीनांचा सत्याग्रह. १९५३ मध्ये मराठवाड्यात फेडरेशनने पडीक जमिनींसाठी सत्याग्रह केलाच होता. १९५९ मध्ये दादासाहेबांनी महाराष्ट्रात मोठा लढा उभा केला. मागणी साधी होती: सरकारची पडीक जमीन, जंगलखात्याकडची पडून असलेली जमीन, गायरान, जे कोणी कसत नाही ते भूमिहीनाला द्या. नाशिक, खानदेश, मराठवाड्यातले हजारो लोक तुरुंगात गेले. त्यात बौद्ध होते, तसे इतर जातींतले आणि आदिवासी भूमिहीनही होते. विरोधकांना यात कम्युनिस्टपणा दिसला. मला यात बौद्धांचे राजकारण बौद्धवाड्याच्या बाहेर नेण्याचा त्या काळातला सर्वात गंभीर प्रयत्न दिसतो. सरकारने आश्वासने दिली, काही जमिनी दिल्याही, पण मागणीच्या मानाने ते फारच थोडे होते.

१९६२ मध्ये फाटाफुटीचा हिशेब चुकता झाला. महाराष्ट्रातून पक्षाचा एकही खासदार लोकसभेत गेला नाही. जे तीन निवडून आले ते उत्तर प्रदेशातून. नाशिकची जागा काँग्रेसकडे गेली. दादासाहेब राज्यसभेत गेले आणि १९६८ पर्यंत तिथे होते.

एवढ्या पडझडीनंतर, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, त्यांनी आयुष्यातला सर्वात मोठा लढा दिला. ६ डिसेंबर १९६४ रोजी देशभर सत्याग्रह सुरू झाला. मागण्या दहा होत्या. कसेल त्याला जमीन, पडीक जमीन भूमिहीनांना, किमान वेतन कायद्याची अंमलबजावणी, धान्याचे नीट वाटप, झोपडपट्ट्यांची सुधारणा, धर्मांतरित बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती, संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र, अशा त्या होत्या. पक्षाच्या आकड्यांप्रमाणे तीन लाखांहून अधिक माणसे तुरुंगात गेली. बायाबापड्या पोरांना कडेवर घेऊन गेल्या. पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींना पक्षाच्या नेत्यांशी बोलावे लागले आणि काही मागण्या तत्त्वतः मान्य झाल्या. तत्त्वतः हा शब्द सरकारी कचेरीत किती दूर जातो हे आपल्याला माहीत आहे. संसदेच्या आवारात पुतळा १९६७ मध्ये उभा राहिला. तैलचित्र मध्यवर्ती सभागृहात लागायला आणि केंद्राच्या सवलती बौद्धांना मिळायला १९९० उजाडले. तोपर्यंत दादासाहेबांना जाऊन अठरा वर्षे झाली होती. केंद्रातल्या नोकरीसाठी किंवा शिष्यवृत्तीसाठी आज जो बौद्ध मुलगा जातीचा दाखला जोडतो, त्याच्या कागदामागे हा १९६४ चा तुरुंग आहे.

शेवटचा निर्णय मात्र मला पटत नाही. १९६७ मध्ये दादासाहेबांच्या गटाने यशवंतराव चव्हाणांच्या काँग्रेसशी जिल्हा परिषदांसाठी युती केली. त्यांचा विचार समजू शकतो. गावातला सामान्य माणूस रोज पंचायतीशी, जिल्हा परिषदेशी झगडतो. तिथे चार माणसे आपली असली तर विहीर, रस्ता, घरकुल मिळेल. तीस वर्षे विरोधात राहून थकलेल्या कार्यकर्त्यांना काहीतरी देण्याची इच्छाही त्यात असेल. पण देणारा हात काँग्रेसचा होता आणि घेण्याची सवय पक्षाला लागली. आर. डी. भंडारे आधीच काँग्रेसमध्ये गेले होते. पुढे बॅरिस्टर खोब्रागडे आणि दादासाहेबांचेही पटेनासे झाले आणि पक्ष पुन्हा फुटला. ज्या माणसाने काँग्रेसविरुद्ध हयात घालवली, त्याच्याच काळात ही वाट पडली हे मान्य केले पाहिजे. त्यांच्यावर प्रेम असणाऱ्यांनी तर अधिकच.

१९६८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २९ डिसेंबर १९७१ रोजी त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली, आणि तिच्या तरुणांचा राग जेवढा व्यवस्थेवर होता तेवढाच रिपब्लिकन नेत्यांवरही होता.

आज त्यांच्या नावाने राज्य सरकारची योजना आहे, कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबलीकरण व स्वाभिमान योजना. भूमिहीन अनुसूचित जाती आणि नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन द्यायची. विधवा आणि परित्यक्ता स्त्रियांना प्राधान्य. मी माझ्या कामात अशा बायांचे अर्ज भरून देते. जमीन सरकारने विकत घेऊन द्यायची असते, आणि द्राक्षाच्या पट्ट्यात योजनेच्या दराने एकरभरही कोणी विकायला तयार होत नाही. दिंडोरी रस्त्यावर दर विचारून पाहा. गेल्या पावसाळ्यात एका ताईंचा अर्ज भरला. नवरा वारलेला, दोन मुली, रोज दुसऱ्याच्या बागेत छाटणीला जाणे. अर्जावर योजनेचे नाव मी पूर्ण लिहिले. त्यांनी विचारले, हे गायकवाड कोण? कचेरीच्या बाहेरच्या बाकावर बसून मी त्यांना आंब्याची, काळारामाची, चौसष्टच्या तुरुंगाची गोष्ट सांगितली. त्यांची आजीही त्या तुरुंगात गेली होती, हे त्यांना आठवले. कशासाठी, ते माहीत नव्हते. दोन महिन्यांनी उत्तर आले की जमीन उपलब्ध नाही. पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा अर्ज भरणार आहोत.