विहिरीवरची सुगरण आणि सालिम अली

स्मरणिका समितीचा निरोप आला की प्रत्येकाने शाळेतली एक आठवण लिहून द्यायची. मी आठवण लिहायला बसलो आणि एका माणसाचं चरित्रच लिहून बसलो. हा माणूस आपल्या शाळेत कधी आला नव्हता, आणि आपण आठवीत गेलो त्याच जूनमध्ये तो वारला. पण त्याच्याबद्दल सांगितल्याशिवाय मला माझी आठवण सांगता येणार नाही. ती शेवटी सांगतो.

२० जून १९८७ ला सालिम अली गेले. सोमवारी विज्ञानाच्या सरांनी वर्गात ते सांगितलं. हे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी तेव्हा पहिल्यांदाच ऐकलं. पण हा माणूस एके काळी किहीमला राहून पक्षी बघत होता असं सर म्हणाले, तेव्हा वर्ग जागा झाला. किहीम म्हणजे आपल्याच अलिबाग तालुक्यातलं, सायकलवरून जाता येईल असं गाव. मोठी माणसं मुंबई-पुण्यातच काय ती मोठी कामं करतात, अशी आपली तोवर समजूत होती.

सालिम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा, मुंबईतला. भावंडांत सगळ्यांत धाकटे. वर्षाचे असताना वडील गेले आणि तिसऱ्या वर्षी आई. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमिदा बेगम यांना मूलबाळ नव्हतं. त्यांनी या पोरक्या भाच्यांना गिरगावात खेतवाडीच्या घरी वाढवलं. मामा शिकारीचे शौकीन. त्यामुळे या मुलाच्या हाती लहानपणीच छऱ्याची बंदूक आली आणि ती चिमण्यांवर चालू लागली. आपल्या हातात बेचकी होती, त्याच्या हातात बंदूक, एवढाच फरक.

नऊ-दहा वर्षांचा असताना त्याने एक प्रकार पाहिला. एक चिमणी अंडी उबवत बसली होती आणि नर बाहेर राखणीला होता. मुलाने नराला टिपलं. थोड्या वेळात तिथे दुसरा नर हजर. त्यालाही टिपलं, तर तिसरा आला. सात दिवसांत आठ नर मारले. आज हे वाचून अंगावर काटा येतो. पण या मुलाने ते सगळं लिहून ठेवलं होतं, आणि म्हातारपणी आत्मचरित्रात ते तसंच्या तसं छापलं. काही झाकलं नाही.

त्याच सुमारास एक वेगळीच चिमणी त्याच्या हाती पडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. मामांनाही ती ओळखता येईना. ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते. त्यांनी मुलाला चिठ्ठी देऊन तिथे पाठवलं. दहा-बारा वर्षांचा हा मुलगा कागदात गुंडाळलेली मेलेली चिमणी घेऊन फोर्टातल्या संस्थेच्या कचेरीत गेला. सचिव होते मिलार्ड नावाचे इंग्रज गृहस्थ. त्यांनी मुलाला हाकललं नाही. पक्षी ओळखून दिला, ती रानचिमणी निघाली. मग एकेक खण उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखवले आणि वाचायला पुस्तकं दिली. पुढे पक्ष्यांची कातडी कशी सोलून टिकवायची, त्यांच्या नोंदी कशा ठेवायच्या, हेही त्याला तिथेच शिकायला मिळालं. अख्खं आयुष्य त्या एका भेटीने वळलं.

शाळेत मात्र हा मुलगा चमकला नाही. डोकेदुखीने हैराण होऊन मध्येच शाळा सुटली आणि हवापालटासाठी सिंधला जावं लागलं. १९१३ मध्ये मॅट्रिक कसाबसा पार पडला. सेंट झेवियर्स कॉलेजचं पहिलं वर्ष जड गेलं, म्हणून घरच्या व्यवसायात हात लावायला ब्रह्मदेशात तव्हॉयला रवानगी झाली. खाण आणि लाकूड यांचा तो धंदा. भोवती घनदाट जंगल. धंदा जेमतेम चालला, पक्षी मात्र भरपूर बघून झाले. १९१७ मध्ये ते परत आले. व्यापाराचं शिक्षण घेता घेता झेवियर्सच्या फादर ब्लॅटर यांनी ओढून त्यांना प्राणिशास्त्राकडे वळवलं. पुढच्या वर्षी तेहमिना यांच्याशी लग्न झालं.

पक्ष्यांचं ज्ञान होतं, पण पदवी नव्हती. सरकारी प्राणिसर्वेक्षण खात्यातली पक्षिशास्त्रज्ञाची जागा त्यापायी हुकली. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये लोकांना नमुने समजावून सांगण्याची नोकरी मिळाली. दोन वर्षांत तिचा कंटाळा आला. रजा घेऊन ते जर्मनीला गेले आणि बर्लिनला श्ट्रेझमान या थोर पक्षिशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकले. १९३० मध्ये परतले, तर पैशाअभावी म्युझियममधली जागाच रद्द झालेली. वय तेहतीस, पदरी बायको, हाताला काम नाही. अशा वेळी ते किहीमला येऊन राहिले.

आणि तिथे त्यांना सुगरण भेटली.

आपण सगळे बहिणाबाईंची खोप्याची कविता पाठ करून मोठे झालो. सुगरण हे नावही बाईचंच. पण खोपा विणतो तो नर. पावसाळ्याच्या तोंडाला त्याचं डोकं पिवळंधमक होतं. गवताच्या आणि माड-शिंदीच्या पानांच्या चिरोट्या काढून तो विणायला बसतो. खोपा अर्धा झाला, टोपीसारखा दिसू लागला, की माद्या बघायला येतात. आत शिरून, ओढून, पारखून एखादी तो पसंत करते. पसंती मिळाली की नर लांब नळीचं दार विणून खोपा पुरा करतो. मादी आत अंडी घालते, आणि हा पठ्ठ्या शेजारी दुसरा खोपा सुरू करतो, दुसऱ्या मादीसाठी. पसंत न पडलेले खोपे अर्धेच लोंबत राहतात. ही सारी रीत सालिम अलींनी किहीमला बसून, रोजच्या रोज बघून उलगडली आणि लिहून काढली. नोकरी गेली नसती तर हे काम झालं असतं की नाही, कोण जाणे.

पुढचं थोडक्यात सांगतो. हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन अशा संस्थानांत त्यांनी पक्ष्यांची पाहणी केली. तेहमिना त्यांच्याबरोबर रानावनात तंबूत राहिल्या. १९३९ मध्ये एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर त्या गेल्या. तो घाव मोठा होता. बहीण कामू आणि मेहुणे हसन अली यांनी त्यांना आपल्या घरी नेलं आणि तिथून काम पुन्हा सुरू झालं. १९४१ मध्ये द बुक ऑफ इंडियन बर्ड्स निघालं. अमेरिकेचे डिलन रिप्ले यांच्यासोबत भारतीय उपखंडातल्या पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ त्यांनी १९७४ मध्ये पुरा केला, वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी. मोटारसायकलचं त्यांना भारी वेड. १९५० मध्ये स्वीडनमध्ये पक्षिशास्त्रज्ञांची परिषद होती, तर आपली सनबीम बोटीवर चढवून घेऊन गेले आणि युरोपभर फिरले. १९५८ मध्ये पद्मभूषण आणि १९७६ मध्ये पद्मविभूषण मिळालं. पन्नास हजार डॉलरचा गेटी पुरस्कार मिळाला, त्यातला मोठा वाटा त्यांनी ज्या संस्थेत ती चिमणी घेऊन गेले होते तिलाच दिला. १९८५ मध्ये राज्यसभेवर नेमणूक झाली. त्याच वर्षी आत्मचरित्र आलं. त्याच्या नावातही ती पडलेली चिमणीच आहे.

आता माझी आठवण.

शाळेमागच्या विहिरीवर शिंदीचं झाड झुकलेलं होतं, आठवतंय ना? आठवीच्या श्रावणात त्यावरचे तीन खोपे कुणीतरी पाडले. एकात अंडी होती, ती काठावर फुटून पडली. शिपाईकाकांनी तक्रार केली, दप्तरं तपासली गेली आणि मागच्या बाकावरच्या आपल्या एका मित्राच्या दप्तरात बेचकी सापडली. त्याला छड्या बसल्या. दिवसभर तो कचेरीबाहेर उभा होता, हेही तुम्हाला आठवत असेल.

बेचकी त्याची होती. खोपे मी पाडले होते. मधल्या सुट्टीत त्याच्याकडून मागून घेतली आणि गुपचूप परत ठेवली. हे त्याला माहीत होतं. त्याने माझं नाव घेतलं नाही. मीही तोंड उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी विज्ञानाच्या सरांनी मला बोलावलं आणि चाळीस पानी वही दिली. रोज मधल्या सुट्टीत विहिरीवर बसायचं आणि दिसेल तेवढंच लिहायचं, असं काम दिलं. बाकी काही विचारलं नाही. त्यांनी ओळखलं होतं असं मला आजही वाटतं. दसऱ्यापर्यंत मी लिहीत होतो. एका पिवळ्या डोक्याच्या नराचे दोन खोपे भरले आणि एक अर्धाच राहिला, हे मला स्वतःला दिसलं. मग सरांनी किहीमची सगळी हकीकत सांगितली. प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेसमोर माझं कौतुक झालं. टाळ्या वाजवणाऱ्यांत तो मित्रही होता.

ती वही अजून माझ्याकडे आहे. नोंदी दुसऱ्या पानापासून आहेत. पहिल्या पानावर काय लिहायला हवं होतं ते मला तेव्हाही कळत होतं. मारलेले आठ नर जो माणूस मोजून लिहून ठेवतो, त्याचं नाव घेऊन मी अडतीस वर्षं पक्षी बघत फिरलो आणि माझं पहिलं पान कोरंच ठेवलं.

परवा ते लिहिलं. तारीख आठवत नाही, म्हणून श्रावण १९८७ एवढंच घातलं. खोपे तीन, अंडी फुटली, बेचकी मित्राची, हात माझा. सर आज नाहीत, त्यांना हे दाखवायचं राहून गेलं. पण तो मित्र मेळाव्याला येतो आहे, यादीत नाव पाहिलं. वही त्याच्या हातात देणार आहे. त्यानंतर तो काय म्हणेल ते म्हणो.

मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला मी विहिरीवर असेन. शिंदीचं झाड आता नाही, पण शेजारच्या माडावर खोपे आहेत, मी बघून आलो. ज्यांना यायचं त्यांनी या. दुर्बीण माझ्याकडे आहे. आवाज मात्र कमी करा, आपल्या वर्गाला ते कधी जमलं नाही.

— दहावी ब, १९९०