गाण्यात गावाचं नाव होतं, म्हणून हा माणूस ३४ वर्षांनी सापडला !

मार्च १९६३. अमेरिकेतलं मिसिसिपी राज्य. टॉम हॉस्किन्स नावाचा एक गोरा तरुण गाडी घेऊन अ‍ॅव्हलॉन नावाच्या एवढ्याशा वस्तीत येतो. तिथल्या किराणा दुकानात शिरतो आणि एका गवयाची चौकशी करतो. हा गवई जिवंत असेल याची त्याला फारशी आशा नसते. या माणसाची शेवटची रेकॉर्ड निघून ३४ वर्षं झालेली असतात आणि त्यानंतर बाहेरच्या जगात कुणाला त्याचा ठावठिकाणा माहीत नसतो.

दुकानातली माणसं मात्र अगदी सहज त्याचं घर दाखवतात. तो माणूस जवळच राहत असतो. दुसऱ्याच्या शेतावर राबून पोट भरत असतो.

त्याचं नाव जॉन हर्ट. आज जग त्याला मिसिसिपी जॉन हर्ट म्हणून ओळखतं. गिटार शिकणारी पोरं आजही त्याची गाणी पहिल्या वर्षातच गिरवतात. पण या माणसाला शोधून काढलं ते कुठल्या म्युझिक कंपनीने नाही आणि सरकारनेही नाही. ते काम केलं जुन्या रेकॉर्ड जमवणाऱ्या मूठभर वेड्यांनी.

नेमकं काय घडलं होतं? तर गोष्ट सुरू होते १८९० च्या दशकात.

दिवसा शेतात, रात्री गिटार

जॉनचा जन्म मिसिसिपीच्या कॅरोल काउंटीतला. जन्मतारखेबद्दल अभ्यासकांमध्ये आजही एकमत नाही, कुणी १८९२ सांगतं तर कुणी १८९३. तो वाढला अ‍ॅव्हलॉनमध्ये. गुलामगिरी संपून तीसेक वर्षं झाली होती, पण काळ्या माणसाच्या वाट्याला अजूनही दुसऱ्याच्या जमिनीवर बटईने कापूस पिकवणंच येत होतं. जॉनची शाळा लहानपणीच सुटली.

नऊ-दहा वर्षांचा असताना त्याच्या हातात गिटार आली. आईने त्याला एक जुनी गिटार घेऊन दिली होती. शिकवायला कुणी नव्हतं, त्यामुळे त्याने स्वतःच आपली पद्धत बसवली. उजव्या हाताचा अंगठा खालच्या सुरांच्या जाड तारांवर एकसारखा ठेका धरणार आणि त्याच वेळी बाकीची बोटं बारीक तारांवर गाण्याची चाल वाजवणार. ऐकणाऱ्याला वाटावं दोन माणसं वाजवतायत.

त्याचा आवाजही मिसिसिपीच्या इतर ब्लूज गायकांसारखा खरखरीत, ओरडून काळीज चिरणारा नव्हता. तो हळू गायचा. शेजारी बसून कुणी गोष्ट सांगावी तसा.

दिवसा तो शेतात राबायचा, काही महिने त्याने रेल्वेच्या रुळांवरही काम केलं. तिथल्या मजुरांकडून तो गाणी शिकला. शनिवारी रात्री गावातल्या नाचाच्या कार्यक्रमात तो वाजवायचा. गाणं हा त्याचा धंदा कधीच नव्हता.

एका फिडलवाल्याने नाव सुचवलं

त्या काळात अमेरिकन कंपन्या रेकॉर्डसुद्धा रंग बघून विकायच्या. काळ्या कलाकारांच्या रेकॉर्डची यादी वेगळी, गोऱ्यांच्या गावाकडच्या संगीताची यादी वेगळी. कागदावर अशी भिंत होती, पण गावात मात्र सूर इकडून तिकडे जात होते. विली नार्मर हा गोरा फिडलवादक जॉनला ओळखायचा आणि दोघं नाचाच्या कार्यक्रमात एकत्र वाजवायचे.

पुढे नार्मरला ओके रेकॉर्ड्स या कंपनीसाठी वाजवायची संधी मिळाली. त्याने कंपनीच्या टॉमी रॉकवेलला जॉनचं नाव सुचवलं. रॉकवेलने जॉनचं गाणं ऐकलं आणि फेब्रुवारी १९२८ मध्ये त्याला मेम्फिसला बोलावलं.

तिथे आठ गाणी रेकॉर्ड झाली, पण बाजारात आली फक्त दोन. तरीही कंपनीने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याला थेट न्यूयॉर्कला बोलावलं. तिथे त्याने आणखी गाणी रेकॉर्ड केली. रेकॉर्ड खपावी म्हणून त्याच्या नावापुढे ‘मिसिसिपी’ हा शब्दही कंपनीनेच चिकटवला.

न्यूयॉर्कच्या त्या गाण्यांत एक होतं ‘अ‍ॅव्हलॉन ब्लूज’. एवढ्या मोठ्या शहरात येऊन पडलेल्या जॉनने त्यात आपल्या गावाचं नाव घेऊन त्याची आठवण काढली होती. हे गाणं पुढे आपला पत्ता ठरणार आहे याची त्याला तेव्हा कल्पना असणं शक्यच नव्हतं.

रेकॉर्ड फारशा खपल्या नाहीत. १९२९ च्या ऑक्टोबरमध्ये शेअर बाजार कोसळला, महामंदी आली आणि रेकॉर्ड कंपन्यांचं कंबरडं मोडलं. जॉनला पुन्हा बोलावणं आलं नाही. तो गावी परतला आणि पुन्हा शेतात, गुराढोरांत रमला.

रेकॉर्ड जमवणारे वेडे

मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या त्या जुन्या रेकॉर्ड बनायच्या लाखेपासून, आणि लाखेचा सगळ्यात मोठा पुरवठादार होता भारत. दुसऱ्या महायुद्धात ही आयात अडचणीत आली. अमेरिकन सरकारने लाखेच्या वापरावर निर्बंध आणले, तेव्हा कंपन्यांनी लोकांकडून जुन्या रेकॉर्ड परत घेऊन त्या वितळवायला सुरुवात केली. न खपलेल्या, कुणाला नको असलेल्या कितीतरी रेकॉर्ड अशाच संपल्या.

ज्या उरल्या त्यांच्या मागे काही माणसं हात धुऊन लागली. न्यूयॉर्कमध्ये जेम्स मॅक्यून नावाचा एक संग्राहक होता. ब्रुकलिनच्या वायएमसीएमध्ये एका खोलीत राहायचा आणि गावाकडच्या ब्लूजच्या निवडक रेकॉर्ड जपून ठेवायचा. त्याच्याभोवती अशाच लोकांचं टोळकं जमलं. पुढे लोक त्यांना गमतीने ‘ब्लूज माफिया’ म्हणू लागले. एकमेकांच्या घरी जमायचं, रेकॉर्ड लावायच्या आणि कोण मोठा कलाकार यावरून तासन् तास भांडायचं, हा त्यांचा उद्योग.

१९५२ मध्ये हॅरी स्मिथ या दुसऱ्या संग्राहकाने आपल्याकडच्या रेकॉर्ड निवडून ‘अँथॉलॉजी ऑफ अमेरिकन फोक म्युझिक’ हा मोठा संच काढला. त्यात जॉन हर्टची दोन गाणी होती. शहरातली गोरी पोरं ती ऐकून गिटार शिकायला लागली. पण गाणारा माणूस कोण हे कुणालाच माहीत नव्हतं. रेकॉर्डच्या लेबलवर नाव आणि नंबर यापलीकडे काहीच नव्हतं. बऱ्याच जणांनी तो मेला असं गृहीत धरलं होतं.

मग ‘अ‍ॅव्हलॉन ब्लूज’ची टेप वॉशिंग्टनच्या संग्राहक मंडळींपर्यंत, म्हणजे डिक स्पॉट्सवूड आणि टॉम हॉस्किन्सपर्यंत पोहोचली. त्यांनी गाण्यातलं गावाचं नाव पकडलं. नेहमीच्या नकाशात ते गाव सापडेना. शेवटी एका जुन्या अ‍ॅटलासमध्ये ग्रीनवूड आणि ग्रेनाडा या दोन गावांच्या मध्ये बारीक अक्षरात अ‍ॅव्हलॉन दिसलं. हॉस्किन्सने गाडी काढली.

दारात गोरा माणूस बघून जॉन घाबरला

इथे १९६३ सालचं मिसिसिपी समजून घ्यायला हवं. अ‍ॅव्हलॉनजवळच्या ग्रीनवूडमध्ये त्याच वेळी काळ्या नागरिकांच्या मतदार नोंदणीचं आंदोलन पेटलं होतं. कार्यकर्त्यांवर गोळ्या झाडल्या जात होत्या. याच भागात १९५५ मध्ये एमेट टिल या १४ वर्षांच्या काळ्या मुलाचा खून झाला होता. अशा ठिकाणी एक अनोळखी गोरा दारात येऊन नाव विचारतो म्हटल्यावर जॉनला वाटलं हा एफबीआयचाच माणूस, आपल्याला न्यायला आलाय.

तेव्हा जॉनकडे स्वतःची गिटारसुद्धा नव्हती. हॉस्किन्सने आपली गिटार त्याच्या हातात दिली. बोटं थोडी आखडली होती, पण अंगठ्याचा ठेका तोच होता. रेकॉर्डवरचा माणूस हाच, याबद्दल शंका उरली नाही.

पुढच्या काही महिन्यांत सत्तरीच्या उंबरठ्यावर असलेल्या या शेतमजुराचं आयुष्य पालटलं. तो बायको जेसीसोबत वॉशिंग्टनला राहायला गेला. जुलै १९६३ मध्ये न्यूपोर्ट फोक फेस्टिव्हलमध्ये हजारो लोकांसमोर बसून तो शांतपणे गायला. त्याच महिन्यात अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने त्याची गाणी रेकॉर्ड करून घेतली. कॉफीहाऊस, कॉलेजं, नवे अल्बम, एवढंच काय टीव्हीवरचा ‘टुनाइट शो’सुद्धा त्याने केला. ‘लव्हिन स्पूनफुल’ या त्या काळच्या गाजलेल्या बँडने तर आपलं नावच त्याच्या ‘कॉफी ब्लूज’ या गाण्यातून उचललं.

एकाचा पत्ता लागल्यावर बाकीच्यांचाही शोध सुरू झाला. बुक्का व्हाइटने एका गाण्यात अ‍ॅबरडीन गावाचं नाव घेतलं होतं. जॉन फेही आणि एड डेन्सनने ‘जुना ब्लूज गायक’ एवढ्या वर्णनावर त्या गावाच्या पोस्टात पत्र टाकलं आणि ते खरंच त्याच्यापर्यंत पोहोचलं. १९६४ मध्ये स्किप जेम्स आणि सन हाऊस हे दिग्गजही सापडले.

तीन वर्षांचं सुख आणि उरलेले प्रश्न

ही गोष्ट इथेच संपली असती तर परीकथा झाली असती. पण शोधणाऱ्यांनी जॉनसोबत करारही केले होते. त्याच्या रेकॉर्डचे हक्क कुणाचे, पैसे कुणाला, यावरून पुढे कोर्टात वाद झाले. जे संग्राहक नसते तर तो कुणाला कळलाच नसता, त्यांच्यावरच त्याच्या कमाईवरून प्रश्न उभे राहिले. त्या काळात सापडलेल्या बऱ्याच म्हाताऱ्या ब्लूज कलाकारांच्या बाबतीत कमीअधिक फरकाने हेच झालं.

जॉनला शहर फारसं मानवलं नाही. तो परत मिसिसिपीला, ग्रेनाडाला राहायला गेला आणि २ नोव्हेंबर १९६६ ला तिथेच हृदयविकाराने त्याचं निधन झालं. त्याला अ‍ॅव्हलॉनजवळ पुरलं आहे.

त्याचं जुनं घर पुढे त्याच्या नातीने वाचवलं आणि तिथे म्युझियम उभं केलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते आगीत जळून खाक झालं.

जॉन हर्टची गोष्ट सांगताना लोक नेहमी म्हणतात की तो हरवला होता आणि मग सापडला. पण किराणा दुकानातल्या माणसांना तो कुठे राहतो हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. गावासाठी तो कधी हरवलाच नव्हता. त्या ३४ वर्षांत अ‍ॅव्हलॉनला जाऊन त्याच्याबद्दल विचारावं, असं बाहेरच्या कुणाला वाटलं नव्हतं इतकंच. शेवटी ते वाटलं एका रेकॉर्डवेड्याला. ते सुद्धा रेकॉर्ड लावून, कान देऊन शब्द ऐकल्यामुळे.