मक्याच्या ठिपक्यांत उड्या मारणारे जीन शोधणाऱ्या बार्बरा मॅक्लिंटॉक

कुरुंदा (ता. वसमत) : मक्याच्या कणसात फिकट दाण्यांवर जांभळे ठिपके दिसले, की बियाण्यात भेसळ आहे म्हणून ते कणीस जनावरापुढं टाकलं जातं. अमेरिकेतल्या बार्बरा मॅक्लिंटॉक या बाईंनी त्याच ठिपक्यांसाठी आयुष्य वेचलं.

त्यांचा जन्म १६ जून १९०२ चा, हार्टफर्ड शहरातल्या एका डॉक्टरच्या घरातला. पोरगी जास्त शिकली तर लग्न जमायचं नाही, ही काळजी तिकडच्या आईलाही होतीच. ऐनवेळी वडील पाठीशी राहिले म्हणून १९१९ मध्ये त्या कॉर्नेल विद्यापीठाच्या कृषी महाविद्यालयात गेल्या. १९२७ मध्ये डॉक्टरेट मिळाली. मक्याची १० गुणसूत्रं सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून त्यांनी ओळखली. लग्न केलंच नाही.

पुढं न्यूयॉर्कजवळच्या कोल्ड स्प्रिंग हार्बर इथं त्या आल्या. तिथं त्या स्वतः मका लावायच्या, कणसाला पिशवी बांधायच्या, हातानं परागीकरण करायच्या. १९४४ नंतर त्यांना उलगडा झाला तो असा : रंग देणाऱ्या जीनमध्ये एक भटका तुकडा येऊन बसतो आणि दाणा बिनरंगी होतो. दाणा भरत असताना एखाद्या पेशीतून तो तुकडा उडी मारून निघून जातो. मग त्या पेशीचा रंग परततो आणि तिच्या वाढणाऱ्या पिलावळीचा ठिपका बनतो. उडी लवकर पडली तर ठिपका मोठा, उशिरा पडली तर बारीक. एवढी सोपी गोष्ट, पण ती दिसायला हजारो दाणे डोळ्याखालून घालावे लागले.

१९५१ मध्ये त्यांनी हे शास्त्रज्ञांपुढं मांडलं. जीन म्हणजे माळेत पक्के ओवलेले मणी, असं तेव्हा सगळे धरून चालले होते. बहुतेकांना काही पटलं नाही. बाई भांडत बसल्या नाहीत, १९५३ नंतर यावर छापणंच त्यांनी जवळपास थांबवलं. मका मात्र सोडला नाही. पुढं जिवाणूंतही असे तुकडे सापडले तेव्हा लोकांना त्यांची आठवण झाली. १९८३ मध्ये ८१ व्या वर्षी त्यांना एकटीला नोबेल मिळालं. ती बातमी त्यांनी रेडिओवर ऐकली, कारण घरी फोनच नव्हता!

२ सप्टेंबर १९९२ रोजी त्या वारल्या. माणसाचा जवळपास निम्मा डीएनए अशाच भटक्या तुकड्यांपासून आलेला आहे, हे २००१ मध्ये पुढं आलं. त्यातले बहुतेक आता निपचित पडलेत. डीएनए म्हणजे उजव्या पिळाचं दोनपदरी दावं. पण या तुकड्यांच्या जागी ते कधी चारपदरी होऊ शकतं, कधी आकड्यासारखं वळतं, कुठं पीळ डावा पडतो. एल-वन नावाच्या तुकड्याच्या शेपटाशी अशी चारपदरी घडी बनू शकते. उडी मारण्यात या घड्यांचा हात किती, यावर अजून काम चालू आहे.

एल-वन माणसात आजही उडतो. बाई हयात असतानाच, १९८८ मध्ये, हिमोफिलिया म्हणजे रक्त न थांबण्याच्या आजाराची दोन मुलं अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी तपासली. रक्त गोठवणाऱ्या जीनमध्ये एल-वन घुसलेला होता. हा आजार आईकडून येतो असं सगळीकडं धरतात. पण त्या मुलांच्या आयांच्या रक्तात तो बिघाड नव्हताच; उडी नव्यानं पडली होती.