हेरॉल्ड ब्लॅक : ऍम्प्लिफायरला शिस्त लावणारा अभियंता

घरातील संगीतसंचातून येणारा आवाज मूळ गायनवादनाशी कितपत प्रामाणिक असेल, हे बऱ्याच अंशी ऍम्प्लिफायरच्या रचनेवर ठरते. ही रचना ज्या तत्त्वावर आज उभी आहे, ते अमेरिकन अभियंता हेरॉल्ड स्टीफन ब्लॅक यांनी १९२७ साली शोधले. गंमत अशी की, त्या वेळी त्यांच्यासमोर संगीताचा प्रश्न नव्हताच. प्रश्न होता लांब पल्ल्याच्या टेलिफोनचा.

ब्लॅक यांचा जन्म १४ एप्रिल १८९८ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील लेमिन्स्टर येथे झाला. वूस्टर पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूटमधून १९२१ साली पदवी घेऊन ते न्यूयॉर्कमध्ये वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत रुजू झाले. कंपनीचा हा अभियांत्रिकी विभाग १९२५ पासून बेल टेलिफोन लॅबोरेटरीज या नावाने ओळखला जाऊ लागला. नोकरीच्या सुरुवातीलाच सोबतच्या बहुतेक नवोदितांना पगारवाढ मिळाली, ब्लॅक यांना मात्र ती मिळाली नाही. नोकरी सोडण्याचा विचार त्यांनी केला आणि रात्रीतून बदललाही. त्यानंतर ते रविवारी कार्यालयात येऊन जुन्या टिपणांच्या फायली वाचीत बसत. कंपनीपुढील खरी अडचण कोणती, हे त्यांना या वाचनातून उमगले.

अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत एकाच तारेवरून अनेक संभाषणे न्यायची, तर वाटेत ठिकठिकाणी ऍम्प्लिफायर बसवावे लागत. त्या काळचे व्हॉल्व्ह आवाज वाढवीत, पण तो थोडा बिघडवूनही पुढे देत. एका ऍम्प्लिफायरमधील किरकोळ विकृती शेकडो ऍम्प्लिफायरमधून जाताना इतकी साचे की, संभाषणे एकमेकांत मिसळून जात. इतर अभियंते अधिक चांगला व्हॉल्व्ह बनविण्याच्या मागे होते. मार्च १९२३ मध्ये चार्ल्स स्टाइनमेट्झ यांचे व्याख्यान ऐकून परतलेल्या ब्लॅक यांनी प्रश्नच उलटा केला. व्हॉल्व्ह सदोष आहे हे मान्य करायचे आणि निर्माण झालेली विकृती नंतर वेगळी काढून टाकायची.

त्यांचा पहिला उपाय असा होता : बाहेर पडणारा संदेश मूळ पातळीपर्यंत खाली आणून त्यातून मूळ संदेश वजा करायचा, उरलेली विकृती दुसऱ्या ऍम्प्लिफायरने वाढवायची आणि मुख्य संदेशातून ती वगळायची. प्रयोगशाळेत हा उपाय चालला. पण व्हॉल्व्हचा विद्युतप्रवाह दर तासाला कोणीतरी जुळवून ठेवावा लागे. वाळवंटातील एखाद्या तारकेंद्रावर हे कोण करणार? पुढची चार वर्षे ब्लॅक या गुंत्यात अडकले होते.

२ ऑगस्ट १९२७ रोजी सकाळी कामावर जाताना, हडसन नदी ओलांडणाऱ्या फेरीबोटीत त्यांना उत्तर सुचले. हाती न्यूयॉर्क टाइम्सचा अंक होता. त्यातील एका पानावरच त्यांनी आकृती आणि समीकरणे लिहून सही केली. कार्यालयात पोहोचताच एका सहकाऱ्याची साक्षीदार म्हणून सही घेतली.

निगेटिव्ह फीडबॅक या नावाने ओळखली जाणारी ही कल्पना सांगायला सोपी आहे. ऍम्प्लिफायरमधून बाहेर पडणाऱ्या संदेशाचा ठरावीक अंश उलट करून पुन्हा आत सोडायचा. मोबदल्यात आवाजवाढीची क्षमता बरीच घटते, पण विकृतीही त्याच प्रमाणात घटते. समजा, एखादा ऍम्प्लिफायर संदेश १०,००० पट वाढवतो आणि त्यातील शंभरावा भाग मागे फिरवला जातो. तर प्रत्यक्ष वाढ ९९ पट होते. व्हॉल्व्ह जुना होऊन त्याची क्षमता निम्म्यावर आली, तरी ही वाढ ९८ पटींवरच राहते. मात्र मागे जाणारा अंश ठरविणारे रेझिस्टर दहा टक्क्यांनी चुकले, तर वाढही जवळपास तितकीच चुकते. म्हणजे अचूकतेची जबाबदारी लहरी व्हॉल्व्हकडून स्थिर रेझिस्टरकडे आली. सुटे भाग कोठे महागडे घ्यावेत आणि कोठे साधे चालतील, याचा विवेक येथून सुरू होतो.

डिसेंबर १९२७ अखेरच्या प्रयोगात विकृती एक लाख पटींनी कमी झाल्याचे दिसले. तरीही वरिष्ठांचा विश्वास बसला नाही. मेहनतीने मिळविलेली वाढ अशी उधळून टाकण्यात त्यांना अर्थ दिसेना. १९२८ साली दाखल झालेल्या पेटंट अर्जावर अमेरिकेत नऊ वर्षे निर्णय झाला नाही. ब्रिटिश पेटंट कार्यालयाने तर तो अविरत चालणाऱ्या यंत्राच्या दाव्यांच्या पंक्तीत बसविला. दरम्यान, परत आलेला संदेश वाटेत उशिरा पोहोचला तर ऍम्प्लिफायर शिट्टी वाजवू लागतो, ही खरी अडचणही पुढे आली. त्याची निश्चित कसोटी हॅरी नायक्विस्ट यांनी १९३२ मध्ये दिली. २१ डिसेंबर १९३७ रोजी ब्लॅक यांना अखेर पेटंट मिळाले.

घरगुती संगीतात हे तत्त्व खऱ्या अर्थाने रुजविले ते ब्रिटनच्या डी. टी. एन. विल्यमसन यांनी. १९४७ साली वायरलेस वर्ल्ड मासिकात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या १५ वॅटच्या ऍम्प्लिफायरमध्ये विकृती ०.१ टक्क्याच्या आसपास होती. त्यांनी आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यांचा तपशील काटेकोरपणे दिला होता, कारण फीडबॅक या ट्रान्सफॉर्मरलाही वेढून होता. स्वस्त ट्रान्सफॉर्मर वापरणाऱ्याच्या पदरी शिट्टीच येई.

ट्रान्झिस्टर आल्यावर काही निर्मात्यांनी मंद गतीच्या मंडलांवर भरमसाट फीडबॅक लादला. कागदावरचे आकडे सुंदर, ऐकायला मात्र कर्कश, अशी यंत्रे बाजारात आली आणि १९७० च्या दशकात फीडबॅकच बदनाम झाला. आजही काही रसिक फीडबॅकविरहित ऍम्प्लिफायर पसंत करतात. ही नाराजी समजण्याजोगी असली, तरी दोष तत्त्वाचा नव्हता. मूळ मंडल कच्चे ठेवून फीडबॅकवर भिस्त ठेवणाऱ्यांचा होता. ध्वनिवर्धकाच्या पडद्यावर ऍम्प्लिफायरची पकड राहते आणि तबल्याच्या बायाँचा घुमार लांबत नाही, याचे श्रेयही बहुतांशी फीडबॅकलाच जाते.

ब्लॅक यांनी पुढे संदेशाचे आकड्यांत रूपांतर करणाऱ्या पल्स कोड मॉड्युलेशन पद्धतीवर काम केले. १९६३ मध्ये ते बेल लॅबोरेटरीजमधून बाहेर पडले. १९८१ साली अमेरिकेच्या नॅशनल इन्व्हेंटर्स हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला. ११ डिसेंबर १९८३ रोजी वयाच्या ८५ व्या वर्षी न्यू जर्सी राज्यात त्यांचे निधन झाले.